गावंडे सरांचं रिफ्रेशर

गावंडे सर कुठलाही सरकारी कागद खालून वर वाचतात. आधी सही, मग शिक्का, मग 'प्रत माहितीस्तव' कोणाकोणाला गेली ती यादी, आणि सगळ्यात शेवटी विषय. एवढं झालं की कागद खिडकीकडे धरून उजेडात पाहतात. मला आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. विचारलं, तर म्हणाले, "इंगळे, वरून वाचनारा फसते. वर सारं गोडगोड लिवलं असते. खरी गोष्ट खाली बारीक अक्षरात राह्यते." मग कागदाची घडी खिशात घालत त्यांनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं, "कुठी तरी पाणी मुरून राह्यलं."

आमचं कॉलेज अकोल्यात आहे. सर भूगोलाचे, मी राज्यशास्त्राचा. भूगोल विभाग म्हणजे ते एकटेच. दुसरे प्राध्यापक निवृत्त झाले आणि ती जागा काही भरली गेली नाही. त्यामुळे विभागप्रमुखही तेच आणि विभागही तेच. नोटीस काढायची असली तर ते स्वतःच काढतात आणि खाली 'वाचली' म्हणून स्वतःच सही करतात.

आता कॉलेजबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की प्राध्यापकाला बढती हवी असेल तर नुसतं शिकवून भागत नाही. मधूनमधून स्वतःलाही शिकायला जावं लागतं. कधी ओरिएंटेशन, कधी रिफ्रेशर, कधी कार्यशाळा. तिथं दुसरे प्राध्यापक येऊन आपल्याला शिकवतात आणि शेवटी प्रमाणपत्र देतात. ते फाईलला लागलं की माणूस वरच्या पायरीवर चढतो. आम्ही बाकीचे जण मुकाट्यानं जातो, चहा पितो, डुलक्या काढतो आणि प्रमाणपत्र घेऊन येतो. सरांचं तसं नाही. फुकट शिकवणारा माणूस दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडते.

कोरोनाच्या काळात ऑनलाइन कार्यशाळांचा सुकाळ झाला होता. घरी बसून भाषण ऐकायचं, शेवटी दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची, की ईमेलवर प्रमाणपत्र हजर. आम्ही सगळे ती गोळा करत सुटलो. सरांनी मात्र परीक्षा घेणाऱ्यांचीच परीक्षा घेतली. दहाच्या दहा उत्तरं मुद्दाम चुकवली. सातपुड्यातून निघणारी नदी विचारली तिथं त्यांनी नांदगाव पेठ ह्या गावाचा पर्याय निवडला. दुसऱ्या दिवशी 'उत्कृष्ट सहभाग' असं लिहिलेलं प्रमाणपत्र आलं. सरांनी त्याची रंगीत प्रत काढली आणि लॅमिनेट करून कपाटात ठेवली. "हा पुरावा हाय," म्हणाले. कशाचा पुरावा आणि तो कोणासमोर ठेवायचा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

एकदा आमच्याच कॉलेजात ताणतणाव कमी करायची कार्यशाळा झाली. पाहुण्यांनी सगळ्यांना डोळे मिटून खोल श्वास घ्यायला सांगितलं. कार्यक्रम संपल्यावर सर माझ्याजवळ आले आणि कानाशी लागून म्हणाले, "एवढ्या मास्तराईले एकदम डोये मिटाले लावते म्हंजे काय? मी एक उघडाच ठेवला होता."

"मग काय दिसलं, सर?"

"तू दोन्ही उघडे ठेवले होते, थे दिसलं."

तर असे हे गावंडे सर. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना असं लक्षात आलं की सहयोगी प्राध्यापक व्हायला त्यांचं एक रिफ्रेशर कमी पडतंय. एकच. पंधरा दिवसांचं, अमरावतीत राहून करायचं. बाकी फाईल तयार होती. कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचं काम माझ्या गळ्यात असल्यामुळे प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "इंगळे, काहीही करा, पण ह्या बॅचला त्यांना पाठवा. ही हुकली तर सहायक म्हणूनच घरी जातील ते."

मी सरांना गाठलं. खोली मिळते, जेवण मिळतं, वर बॅगही मिळते, असं सगळं रंगवून सांगितलं.

"बॅग काहून देतेत?"

"सगळ्याईले देतेत, सर."

"थेच म्हनतो मी. सगळ्याईले काहून देतेत?" मग चष्मा नाकावर ओढून त्यांनी मला नीट न्याहाळलं. "अन् मले धाडून तुले काय भेटते?"

"मले काही भेटत नाही."

"मंग येवढा जोर काहून लावून राह्यला तू?"

माणूस भल्यासाठी सांगतोय म्हटलं की त्यांचा संशय दुप्पट होतो. मी चिडलो, पण नाद सोडला नाही.

खरी अडचण पुढेच होती. प्रशिक्षणाला जाणाऱ्या प्राध्यापकाला एक कागद भरून द्यावा लागतो. आपले तास आपल्यामागे कोण घेणार, ते त्यात लिहायचं आणि त्याची सही घ्यायची. सगळ्या कॉलेजांत ह्या कागदाची रीत एकच आहे. सही सगळे करतात, तास कोणी घेत नाही. आज मी तुझ्या कागदावर केली, उद्या तू माझ्या. सरांच्या कागदावर मी न मागता सही ठोकून दिली. सरांनी तो नेहमीप्रमाणे खालून वाचायला घेतला आणि पहिल्याच ओळीला अडले.

"तू घेशीन माहे तास?"

"घेईन की."

"आजपावतर सही केली म्हनून कोनाचा तास घेतला काय तू?"

मी एकाचाही घेतला नव्हता. सरांनी कागद टेबलावर ठेवला आणि चार दिवस हात लावला नाही. मला वाटलं, आपण नसताना कोणी तरी भूगोलाचे तास कमी दाखवून विभागच बंद करेल, अशी त्यांना धास्ती असावी. मी प्राचार्यांकडून तसं होणार नाही असं लिहून आणलं. ते पत्र त्यांनी उजेडात धरून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. शेवटी वहिनींनीच त्यांची बॅग भरली आणि मला फोन केला, "भाऊजी, तुमीच नेऊन बसवा त्याईले गाडीत. नाई तं हे मधूनच परत येतीन."

मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून एसटी स्टँडला नेलं. अमरावतीची गाडी लागलेली होती. सर चढले, खिडकीशी बसले आणि काच सरकवून मला जवळ बोलावलं. पुन्हा काही तरी शंका असणार म्हणून मी वैतागूनच गेलो.

"इंगळे, मी पंधरा दिवस नाई राह्यलो, अन् मी नाई हे कोनालेच समजलं नाई, तं?"

मी हसलो. "काहीही काय बोलता, सर? तुमचा आवाज पार पार्किंगपर्यंत येतो. पोट्टे उद्याच इचारतीन, गावंडे सर कुठी गेले म्हणून."

"इचारतीन?"

"इचारतीन ना."

गाडी सुटली तरी ते मान वळवून माझ्याकडे पाहत होते.

त्या प्रश्नामुळेच असेल, दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या कागदावरचा तास घ्यायला निघालो. वर्गात कोणी नव्हतं. म्हटलं, सर गावाला गेलेत हे कळलं असेल. पण मग नीट पाहिलं. बाकांवर बोटभर धूळ होती. ती एका दिवसाची नव्हती. फक्त टेबल आणि फळ्याखालची जागा लख्ख होती. मुलं ॲडमिशन घेतात आणि थेट परीक्षेला उगवतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. माझ्याही वर्गात पाचसातच असतात. पण सरांचा आवाज तर रोज व्हरांड्यातून ऐकू यायचा. तो इतके दिवस कोणाला ऐकवला जात होता, हे माझ्या लक्षात आलं आणि मला लाज वाटली. त्या आवाजाच्या आम्ही स्टाफरूममध्ये बसून नकलाही केल्या होत्या.

संध्याकाळी सहाला फोन आला. जेवण कसं आहे, खोली कशी आहे, काही नाही. थेट मुद्द्यावर.

"गेलता काय वर्गात?"

"गेलो होतो."

"कोनी आलतं?"

"सात जण होते," मी म्हणालो. सात कुठून आले, देव जाणे.

"समोर कोन बसलं होतं?"

"एक पोरगी होती. तुम्ही कुठं गेले म्हणून विचारत होती." एकदा खोटं सुरू झालं की थांबता येत नाही. "तिनं एक प्रश्नही विचारला, सर. मला काही उत्तर देता आलं नाही. मोर्शीकडं संत्रं होतं, मग भातकुलीकडं काहून होत नाही?"

मेलो, म्हटलं. आता पोरीचं नाव विचारणार, गाव विचारणार, हजेरीपटाचा फोटो मागणार.

"लिवून घे," सर म्हणाले.

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. मोर्शीकडची जमीन सातपुड्याच्या पायथ्याची, खाली मुरूम, पाणी दिलं की निथळून जाते. भातकुली म्हणजे खारपाणपट्टा, काळी चिकट माती, पाणी धरून ठेवते आणि संत्र्याच्या मुळ्या सडतात. इतकं सोपं करून सांगितलं की मी भातकुलीजवळच्याच गावचा असून मला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. अर्धा तास झाला होता. एवढ्या वेळात त्यांनी एकदाही कशावर संशय घेतला नाही.

मग रोज सहाला फोन येऊ लागला. "आज काय इचारलं पोराईनं?" त्यासाठी मी दुपारभर डोकं खाजवत प्रश्न शोधू लागलो. उन्हाळ्यात जमीन का भेगाळते? मेळघाटात एवढा पाऊस, मग अकोल्याच्या नशिबी का नाही? लायब्ररीतून भूगोलाचं पुस्तक आणलं. राज्यशास्त्राची तयारी मी कधी एवढी केली नव्हती. रोज अकराला त्या वर्गातही जाऊन यायचो, न जाणो कोणी येईल. कोणी आलं नाही.

पंधरा दिवसांनी सर परतले. खांद्याला निळी बॅग होती. ती उघडली तेव्हा आतल्या अस्तराची शिवण उसवून पाहिलेली दिसली. प्रमाणपत्राच्या तीन झेरॉक्स माझ्या हातात दिल्या आणि मी अभिनंदन करायच्या आत म्हणाले, "तुले खोटं बोलता येत नाई, इंगळे."

माझा चेहरा उतरला.

"पैल्याच दिवशी समजलं मले. आपलं पोट्टं एकच इचारते, सर, हे पेपरात येईन काय? संत्रं भातकुलीत काहून होत नाई, असं इचारनारं पोट्टं मले कैक वर्षांत भेटलं नाई."

"मग फोनवर एवढं समजावून काहून सांगत होते रोज?"

सर बॅगेची चेन उघडबंद करत राहिले. "तू लिवून घेत होता ना," म्हणाले.

अकराची बेल झाली. सर उठले, डस्टर घेतलं, हजेरीपट काखेत मारला. त्या वर्गात काय आहे ते त्यांनाही माहीत होतं आणि आता मलाही. त्यांना एकट्याला जाऊ देणं माझ्यानं होईना.

"सर, एक विचारायचं होतं. आमच्या गावच्या विहिरीचं पाणी खारं आहे आणि दोन कोसांवर मामाच्या विहिरीचं गोड. आमच्या आईचा सगळा जन्म त्या दोन गावांमधे घागरी वाहण्यात गेला. असं काहून असेल?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हे खरंच इचारून राह्यला, का मले बरं वाटावं म्हनून?"

"खरंच, सर. लहानपणापासून विचारायचं होतं. कोणाला विचारू ते समजत नव्हतं."

त्यांनी काखेतला हजेरीपट सावरला. मग म्हणाले, "मंग इथी काहून उभा हाय? वर्गात चाल."

मी वही घेतली आणि त्यांच्या मागोमाग गेलो. पहिल्या बाकावरची धूळ रुमालानं पुसली आणि बसलो.