भोयरदादांनी पुसलेला मंगळ

पहिल्या भेटीत भोयरदादांनी माझं नाव विचारलं नाही. दोन बोटांत माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि म्हणाले, "हा गालावरचा तीळ ठेवाचा का काढाचा?" मी फोटो काढायला आलोच नव्हतो. मालक आहेत का, एवढंच विचारत होतो.

गांधीबागेतल्या एका फोटो स्टुडिओत वामनराव भोयर रीटचिंग करायचे. म्हणजे फोटोवरचे डाग, सुरकुत्या बारीक ब्रशनं घालवायचे. उपवर मुलींचे फोटो ही त्यांची खासियत. कुहीपासून कन्हानपर्यंतच्या किती मुलींच्या गालांवरचे देवीचे व्रण त्यांनी पुसले, देव जाणे. "थोडं साफ करून टाकू?" हे त्यांचं पालुपद. ताटातल्या वरणातली मोहरीसुद्धा ते साफ करून बाजूला ठेवत. एका लग्नात तर नवरी बोहल्यावर आली आणि हे मोठ्यानं म्हणाले, "हिच्या कपाळावरचा डाग तं मी काढला होता, वापस कसा आला?" मुलीच्या मामानं त्यांना हाताला धरून थेट पंगतीत नेऊन बसवलं.

संगणक तेव्हा नागपुरात नवखा होता. मी सरकारी कचेरीतली नोकरी सोडून जन्मपत्रिका मांडणारा प्रोग्रॅम तयार केला होता. हिवाळ्यात शहरात यंत्रांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे एक तरी गिऱ्हाईक मिळालं तर ठीक, नाहीतर निमूटपणे कचेरीत परत, असा शब्द बाबांनी माझ्याकडून घेतला होता. स्टॉलवर लावायला मोठं पोस्टर हवं होतं आणि त्यावर संगणकाच्या पडद्याचा झकास फोटो. शहरातल्या दोन फोटोग्राफरांनी हात जोडले. दादा म्हणाले, "आणा गा मधुभाऊ, त्याचंही तोंड पाहू."

मी मांडीवर संगणक घेऊन सायकलरिक्षानं स्टुडिओ गाठला. नमुन्याला कोणाची तरी पत्रिका हवी होती. दादांनी क्षणभरही न थांबता सांगितली: तारीख, सकाळी आठ वाजून सतरा मिनिटं, जन्मगाव कुही. मी ती टाकली. हिरव्या अक्षरांत कुंडली उमटली.

पण पडद्याच्या काचेत दादांचा पांढरा शर्ट चमकत होता. "माहाच फोटो निघून राहिला," म्हणत त्यांनी घरून बहिणीची काळी शाल मागवली आणि ती डोक्यावरून गुंडाळून घेतली. खिडक्यांना भर दुपारी गोधड्या टांगल्या. तरी पहिल्या फोटोत कुंडलीच्या मधोमध काळा पट्टा आला. "मशीनची पापणी लवून राहिली," दादांनी निदान केलं. मग कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवली आणि तेवढा वेळ आम्ही दोघांनी श्वास धरला.

पुढचा आठवडाभर दादा त्या फोटोवर ओणवे होते. पडदा फुगीर, त्यामुळे कुंडलीच्या रेषा वाकल्या होत्या. त्या त्यांनी पट्टी लावून सरळ केल्या. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं ब्रशनं गोलाईत आणली. फोटो हातात आला तेव्हा माझाच प्रोग्रॅम मला ओळखू येईना. मी हरखून गेलो आणि तसाच छापखान्यात दिला.

प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी काळी टोपी घातलेले एक म्हातारे ज्योतिषी पोस्टरपुढे उभे राहिले. बोटानं ग्रह मोजले. पुन्हा मोजले.

"आठच हाये. मंगळ काहून नाही गा? मशीननं खाल्ला का?"

गर्दी खो खो हसली. मी पाहिलं तर खरंच मंगळ नव्हता. डोळ्यांपुढे कचेरीतली माझी जुनी खुर्ची आली. मी तीच तारीख, तीच वेळ संगणकावर टाकली. मंगळ आला, आठव्या स्थानी. ज्योतिषीबुवांनी पिशवीतून पंचांग काढून सगळे ग्रह ताडून पाहिले.

"मशीन बराबर हाय," ते म्हणाले, "फोटोच झूट हाय." आणि आपल्यासाठी एक प्रोग्रॅम त्यांनी तिथल्या तिथे नोंदवून टाकला. दिवसभर लोक मंगळ शोधायलाच येत राहिले. संध्याकाळपर्यंत तीन गिऱ्हाइकं झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांनी ब्रश फिरवलेला मूळ फोटो घेऊन त्यांच्या घरी गेलो. रागवावं की पाया पडावं, ठरत नव्हतं. घरात दादा आणि त्यांची धाकटी बहीण सुमनताई, दोघंच असत. ताई चहा घेऊन आल्या. त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते.

"दादा, मंगळ कुठे गेला?"

दादांनी चहा बशीत ओतला. उत्तर ताईंनीच दिलं, "माही पत्रिका हाय ते. आठवा मंगळ. त्याच्यापायी सगळी स्थळं वापस गेली."

"दर खेपेले फोटो साफ करून देत होतो हिचा," दादा हळूच म्हणाले. "फोटो पसंत पडे, पत्रिका नडे. पत्रिका कधी माह्या ब्रशखाली आलीच नोती गा. या वेळी आली."

ताईंनी फोटो उजेडात धरला.

"वापस टाक ना दादा त्याले. इतकी वर्षं संग राहिला. त्याच्याबिगर हे पत्रिका माही वाटतच नाही."

दादांनी ब्रश भिजवला. कागदापर्यंत नेला आणि थांबले. ताईंनी ब्रश काढून घेतला आणि आठव्या घरात स्वतःच 'मं' लिहिला. जरा वाकडाच आला, अनुस्वार रेषेला चिकटला.

मी दादांच्या तोंडाकडे पाहत होतो. आता ते म्हणणार, साफ करून टाकू?

पण त्यांनी वाकून त्या ओल्या अक्षरावर हळूच फुंकर घातली.

मी कचेरीत परत गेलो नाही, ते या दोघांमुळे. तो फोटो अजून माझ्या टेबलासमोर काचेच्या चौकटीत आहे. काच मी रोज पुसतो, त्या वाकड्या मंगळावरचीसुद्धा.