महायुद्ध आणि आतेभाऊ

जेऊरकर वकिलांच्या मते युरोपातलं महायुद्ध इंग्रजीत 'आतेभाऊ' हा शब्द नाही म्हणून झालं.

हे ते थट्टेनं म्हणत नसत. सोलापूरच्या कोर्टात त्यांनी सगळी हयात काढली होती आणि पुराव्याशिवाय बोलायची त्यांना सवय नव्हती. निदान पुरावा आहे असं बजावल्याशिवाय तर नव्हतीच. मी त्यांच्या समोरच्या घरात भाड्यानं राहणारा शाळामास्तर. माझी खिडकी आणि त्यांची ओसरी यांच्यामध्ये फक्त एक बोळ होता. ओसरीच्या भिंतीवर युरोपचा नकाशा टांगलेला असे, त्यामुळे रोज सकाळी दात घासता घासता मी बोस्नियापर्यंत जाऊन येत असे.

"मास्तर, कैसर आपल्या बादशहांचा कोण? आत्याचा मुलगा. झार कोण? मावशीचा. झारीण कैसरची मावसबहीण, म्हणजे झार त्याचा मेव्हणा. आता आतेभावाचा मान काय, मेव्हण्याचा काय, हे आपल्याकडे स्वयंपाकीणबाईसुद्धा सांगेल. आणि ही मंडळी एकमेकांना काय म्हणतात? कझिन. हाही कझिन, तोही कझिन. मग मानपानाचा घोटाळा होणार नाही तर काय होईल?"

युद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. बाकीचं सोलापूर ज्वारीच्या भावाकडे आणि गिरणीच्या भोंग्याकडे वळलं होतं. वकील मात्र अजून चौदा सालच्या जुलैतच मुक्कामाला होते. आरमारं, वसाहती, बाल्कनमधली भांडणं, हीही कारणं असू शकतील असं मी एकदा चाचरत सुचवलं. त्यांनी माझ्याकडे नापास होणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. म्हणाले, ती शाळेच्या पुस्तकातली कारणं. माणूस आरमार कशाला बांधतो? शेजाऱ्याच्या मांडवापेक्षा आपला मांडव मोठा दिसावा म्हणून. तेव्हापासून वर्गात तो धडा शिकवताना मी जरा घाईनं पुढे जातो.

तहांचं प्रकरण त्यांनी आमच्या बोळावरच बसवलं होतं. या हाताच्या तीन घरांनी ठरवलं की एकाचं भांडण ते तिघांचं. ते बघून समोरच्या तिघांनीही तसंच ठरवलं. हेतू एवढाच की कोणी भांडू नये. मग कोणाच्या तरी गच्चीवरून कोणाच्या तरी अंगणात पापड उडाला आणि सहाही घरं काठ्या घेऊन बाहेर आली. बेल्जियम म्हणजे बोळातला नळ. तो कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण समोरच्याला मारायला जायचं तर त्याला तुडवूनच जावं लागतं. हे ऐकून नळाशेजारच्या बाई काही दिवस आमच्याशी बोलत नव्हत्या.

कोर्टातही युरोप सुटला नाही. करमाळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा बांधाचा दावा चालला होता. वकील उभे राहिले, भाऊबंदकीवरून निघाले आणि बघता बघता साराजेव्होत पोचले. मुन्सफसाहेबांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पक्षकार शेवटी हात जोडून म्हणाला, "वकीलसाब, त्यो सर्बिया आपल्या बाजूचा हाय का तिकडचा, तेवढं सांगा की." दावा पुढे तडजोडीनं मिटला. पक्षकार परस्परच तडजोड करून आला होता.

घरात वकील खलित्यांवर राज्य करत. ऑस्ट्रियानं सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली, म्हणून दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्यालाही तेवढीच. गवळ्याला मुदतीचं काही वाटत नसे, कारण दूध तो रोजच घालत होता आणि पाणीही.

अशा या माणसाचा स्वतःचा आतेभाऊ होटगीला होता आणि दोघांत बोलणं नव्हतं.

त्याला सगळे अप्पा म्हणत. होटगी स्टेशनवर गाड्यांना निशाण दाखवायचं त्याचं काम. वकिलांची आई लहानपणीच गेली. जेऊरला आत्यानं त्यांना वाढवलं, आपल्या अप्पाच्या बरोबरीनं, एका ताटात. वकिलांच्या थोरल्या मुलीच्या लग्नात काहीतरी बिनसलं आणि अप्पा पंगतीला न बसताच निघून गेला. काय बिनसलं ते बोळात कोणालाच माहीत नव्हतं. महायुद्धाची कारणं तोंडपाठ असलेल्या वकिलांनी या एका बाबतीत तोंड उघडलं नव्हतं.

आता धाकटीचं लग्न ठरलं. वकिलीणबाईंनी सरळ सांगितलं की आत्याच्या घरचं माणूस मांडवात नसेल तर मी बोहल्यापाशी उभी राहणार नाही. वकील अस्वस्थ झाले. ओसरीवर येरझाऱ्या घालू लागले, आणि एका रविवारी नकाशाकडे पाठ करून मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही तटस्थ राष्ट्र. अक्षत घेऊन होटगीला तुम्ही जा."

सोबत तोंडी अटी दिल्या. अप्पानं लग्नाच्या आदल्या दिवशी यावं. मागचा विषय काढू नये. आहेर नाकारू नये. अक्षत मात्र माझ्याच हातून घ्यावी, कारण वकिलांना कामं फार होती. त्या दिवशी त्यांना एकही काम नव्हतं, हे मला खिडकीतून दिसत होतं.

मी गेलो. अप्पा स्टेशनच्या मागे बाभळीखाली बसला होता. खाकी कोट, पिकलेल्या मिशा, आणि वकिलांचं ते नाक जसंच्या तसं. मी अटी सांगितल्या. त्यानं शांतपणे सगळ्या मान्य केल्या, एक सोडून.

"अक्षत द्यायला घरचं मानूस येतं, मास्तर. तुमच्या हातची घेतली तर मी बी परकाच झालो की."

मग न विचारताच त्यानं ते लग्न सांगितलं. मांडवात जज्जसाहेब आले होते. वकिलांनी अप्पाचा हात धरून त्याला पुढे नेलं आणि इंग्रजीत ओळख करून दिली. अप्पाला त्यातला एकच शब्द कानात राहिला. "मांडवातच वकिलाच्या कारकुनाला इचारलं, कझिन म्हंजी काय ओ. त्यो म्हनला, असंच कुनीतरी, लांबचं, नात्यातलं." अप्पानं हातातलं निशाण गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "माझ्या आईनं एका कुशीला मला आन् एका कुशीला त्याला घेऊन निजवलं. आन् म्या लांबचा. जज्जापुढं."

परत येताना मला गाडीत हसू येत नव्हतं. बोळभर टिंगलीचा विषय झालेला तो सिद्धान्त कुठून निघाला होता ते मला कळलं होतं. एवढी वर्षं हा माणूस सगळ्या युरोपला साक्षीला बोलावून एका शब्दाची कैफियत देत होता, आणि आम्ही दात घासत ऐकत होतो.

वकील ओसरीतच होते. मी सांगितलं की सगळ्या अटी मान्य, एक नाही. त्यांचा चेहरा उतरला, पण जीभ चालूच. म्हणाले, सर्बियाचंही असंच झालं होतं, जवळजवळ सगळं कबूल केलं होतं. मग कैसर आणि झार यांनी एकमेकांना पाठवलेल्या तारांकडे ते वळले. मला राग आला. मी म्हणालो, वकीलसाहेब, त्यांनी तारा पाठवल्या, तुम्ही मास्तर पाठवलात, फरक काय पडला? त्यांच्यातलं गाडीत बसून कोणी गेलं का?

ते उठून नकाशासमोर जाऊन उभे राहिले. मी निरोप न घेता घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी माझं दार वाजवलं. डोक्याला पगडी, अंगात कोर्टाचा कोट, हातात अक्षतांची वाटी रुमालात बांधलेली. सोबत चला एवढंच म्हणाले. होटगीपर्यंत त्यांच्या तोंडून युरोपातलं एकही गाव निघालं नाही. मी धसकाच घेतला.

होटगी आलं. फलाटावर अप्पा उभा होता. त्यानं आमचा डबा बघितला, खिडकीतली पगडी बघितली. वकिलांनीही त्याला बघितलं, आणि ते जागचे हललेच नाहीत. वाटी मांडीवर घट्ट धरून समोरच्या फळीकडे बघत राहिले. मी म्हटलं, उतरा. म्हणाले, पाय उचलत नाहीत हो, मास्तर. पक्षकारांना फाशीच्या दारातून ओढून आणल्याच्या गोष्टी सांगणारा माणूस, आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता.

गार्डनं शिटी दिली. इंजिनानं दिली. अप्पानं हिरवं निशाण काखेत मारलं आणि तो आमच्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला. मागून स्टेशनमास्तर ओरडत आले. गार्ड शिटीवर शिटी फुंकत होता. डब्यातल्या लोकांनी काय झालं काय झालं म्हणून गिल्ला केला. अप्पानं मान वळवली नाही.

"उतर की, नाऱ्या," तो म्हणाला. "तू उतरल्याबिगर गाडी जात न्हाय."

वकील उठले. दारात त्यांची पगडी अडकून डब्यातच पडली आणि ती उचलायला ते थांबले नाहीत. खाली उतरून त्यांनी रुमालाची गाठ सोडायला घेतली, पण गाठ काही सुटेना. अप्पानं निशाण माझ्या हातात दिलं आणि दोघंही खाली मान घालून ती गाठ सोडायला लागले.

माझ्या हातात निशाण बघून गार्डला काय वाटलं कोण जाणे, गाडी सुटली. त्या दोघांना ते कळलंही नाही.