सतरा नंबरचा बंपर

मोटारीचे दोन्ही बंपर एकाच मिनिटात फोडायला अंगी काहीतरी असावं लागतं, आणि जावयाच्या अंगी ते होतं. मागे घेताना मागचा बंपर फाटकाच्या खांबावर गेला. त्या आवाजाने घाबरून तो पुढे निघाला, तो थेट भिंतीत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मोटार सासऱ्यांची होती. सासरे वजनमापं तपासणारे निवृत्त अधिकारी. गाडी उभी केली की भिंतीपासून साडेतीन फूट टेपने मोजायचे. अकरा वर्षांत त्यांनी जावयाच्या हातात किल्ली पहिल्यांदाच दिली होती, तीही "आम्ही परत येईपर्यंत रोज पाच मिनिटं सुरू करा आणि बंद करा, गॅरेजबाहेर काढू नका" एवढं बजावून. तरी जावयाला त्या किल्लीचं अप्रूप वाटलं होतं. आता शनिवारी सासरे-सासूबाई गावाहून येणार होते. तोवर गाडी होती तशी दिसली नाही, तर पुढची अकरा वर्षं त्या घरात मान खाली घालून जेवावं लागणार होतं.

भंगारवाल्याकडे त्याच मॉडेलचे दोन काळे बंपर मिळाले.

"मागचा परवाच आलाय," भंगारवाला म्हणाला. "पुढचा बरीच वर्षं पडून आहे. कोणी नेत नाही."

"का?"

"काय माहीत साहेब. हातात घेतात, बघतात, परत ठेवतात."

बायकोने सुचवून पाहिलं, "अहो, रंगाऱ्याकडे द्या ना सरळ."

"तो निळा रंग आता बनत नाही. आणि रंगारी बाबांचा मित्र आहे." म्हणून जावयाने निळ्या फिल्मचा रोल आणला आणि चिकटवायची विद्या मोबाइलवर शिकायला घेतली. व्हिडिओतला माणूस फार हळू आवाजात बोलायचा. "आधी साबणाने धुवा. मग पॉलिशपेपरने चकाकी घालवा. मग स्पिरिटने पुसा. जुनं काहीही शिल्लक राहता कामा नये."

मागचा बंपर गुरुवारी सकाळीच शहाण्यासारखा तयार झाला. दुपारी जावयाने पुढचा बंपर गॅरेजमध्ये दोन स्टुलांवर ठेवला. कॉलनी सामसूम होती. दिव्यांच्या दोन रिकाम्या भोकांतून बंपर त्याच्याकडे बघत होता. त्याने एका भोकावर फडकं टाकलं. मग तो एकाच डोळ्याने बघू लागला, ते जास्त वाईट होतं.

बंपरला स्क्रूसाठी कंपनीची चार भोकं होती. पाचवं डाव्या टोकाला, कुणीतरी हाताने पाडलेलं आणि जरा तिरकं. जावयाने सहज गाडीकडे पाहिलं. गाडीलाही डाव्या टोकाला पाचवं भोक होतं, तेवढंच तिरकं. मानेवरून गार वारा गेल्यासारखं झालं. गॅरेजचं दार तर बंद होतं.

तो घासू लागला. काळा रंग पिठासारखा झडला आणि खालून निळा आला. बंपर गाडीच्या दाराशी धरून पाहिला. केसाचाही फरक नव्हता. मग बोटांना एक उंचवटा लागला. रंगाखाली जुनी चिठ्ठी चिकटलेली होती. भंगारवाला असा की बंपरवर माशी बसली असती तर माशीसकट रंगवली असती. जावई घासत गेला. आधी इंग्रजी एकाची उभी रेघ दिसली. मग तिच्या शेजारी सात.

त्याने बायकोला फोन लावला. "अगं, खाली ये जरा."

"मशीन लावलंय. काय झालं?"

"वर येतंय ते."

"कोण वर येतंय?"

"सतरा."

"सतरा जण? एवढा चहा मी नाही करणार," असं म्हणून तिने फोन ठेवला.

सतरा हा त्यांच्याच गॅरेजचा नंबर. अक्षर सासऱ्यांचं, पट्टी लावून काढल्यासारखं. आणि सतरा लिहिलेला बंपर तर जावयाने सोमवारीच फोडला होता. तो तिकडे कोपऱ्यात पोत्याखाली पडलेला होता. मेलेला कोपऱ्यात आणि तोच इथे हाताखाली पुन्हा उगवतोय, हे काही केल्या त्याच्या डोक्यात मावेना. देवाचं नाव आठवेना, म्हणून त्याने पाढे म्हटले. तेही सतराशी येऊन अडले.

शेवटी काठीने त्याने पोतं बाजूला सारलं. फुटका बंपर तिथेच होता. त्यावरही सतराच होतं. पण फुटलेल्या कडेला निळा पापुद्रा सुटला होता. जावयाने तो ओढला. पापुद्रा लांबच लांब सोलत आला, आणि खाली सगळा बंपर चंदेरी.

"हळू ओढा. दमादमाने," मागून आवाज आला. "नाहीतर गोंद राहतो."

जावई जागच्या जागी खाली बसला. दारात सासरे उभे होते, हातात बॅग, दोन दिवस आधीच आलेले. त्यांनी भिंत पाहिली, फुटका बंपर पाहिला, स्टुलावरचा पाहिला आणि त्या सतरावर बोट फिरवलं. गेलेलं माणूस अचानक भेटावं तसा त्यांचा चेहरा झाला.

"भंगारात दिला होता मी हा," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाली. याच भिंतीवर चिरला होता. भंगारवाल्याने सांधलेला दिसतोय."

"तुम्ही?"

"मग साडेतीन फूट काय मी पुस्तकातून काढले? दार लावा आधी. सासूबाईंना बोललात काही?"

"नाही."

"मीही नाही अजून." त्यांनी बॅग ठेवली, बाह्या सारल्या आणि डोळे मिटून बंपरवर तळवा फिरवला. "कडांना चकाकी राहिलीय, जावईबापू. माझंही कडांनाच राहिलं होतं. आणा इकडे एक पॉलिशपेपर."

अकरा वर्षांत प्रथमच दोघं शेजारी बसले. जावयाला भीतीच्या जागी काहीतरी ऊबदार वाटू लागलं होतं. तेवढ्यात बाहेर पावलं वाजली. सावकाश येऊन दाराशी थांबली. दाराखालच्या फटीत सावली पडली आणि हलेचना. वजनमापांच्या अधिकाऱ्यांनी जावयाचं मनगट घट्ट धरलं.

"अहो," दारापलीकडून सासूबाईंचा आवाज आला, "या वेळी निळा जरा नीट जुळवून आणलाय ना? मागचा हिरवट दिसायचा."