छप्पर नसलेले ग्रंथालय

भूमिपूजन दोन दिवाळ्यांपूर्वी. जबाबदार, नारळ फोडणारे मंत्रिमहोदय. खांब त्यापुढच्या उन्हाळ्यात. काम बंद त्याच पावसाळ्यात. जबाबदार, निधी छाटणारे खाते. तेव्हापासून त्या बिनछपराच्या जागेत रोज सकाळी 'ग्रंथालय' चालते. त्याला जबाबदार, माझे शेजारी दौलतराव.

नांदुऱ्याच्या रस्त्यावर विद्यापीठ उपकेंद्राचे हे खांब उभे आहेत. दौलतराव निवृत्त एसटी कंडक्टर. "पुढं सरका" असे आयुष्यभर ओरडलेला हा गृहस्थ तेथे वर्तमानपत्र उघडून बसतो आणि केवळ कुजबुजतो. शेळ्या घेऊन आलेल्या बाईंना म्हणाले, "बाई, बकऱ्या वसतिगृहात न्या. इथं अभ्यास चालू हाये."

"कोनाचा, भाऊ? सरड्याचा?"

"हाव. पन थो आवाज करत नाही."

खांबांमधल्या अर्धवट भिंतीतल्या खिडकीच्या कठड्यावर ते रोज एक रुमाल पसरतात. कोणी टेकू लागले की म्हणतात, "जागा धरली हाये." कोणासाठी, ते सांगत नाहीत.

परवा सकाळी ते धावतच माझ्या दारात आले. "साहेब, ट्रक आला! काम सुरू होऊन राह्यलं!"

मी अर्धी दाढी तशीच ठेवून धावलो. मजूर छपराच्या स्लॅबसाठी आणलेल्या सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा ट्रकमध्ये चढवत होते.

"दुसऱ्या साइटवर चाललं, काका," ड्रायव्हर म्हणाला. "इथलं बंद."

हे कोणाच्या लेखी आदेशाने, असे मी गरजलो.

"आजोबा, पहिले दाढी तर पुरी करा!" एक मजूर ओरडला आणि सगळे हसले.

"साहेब, हळू बोला," दौलतराव म्हणाले. या वेळी कोणी हसले नाही. ते रुमालाशेजारी उभे होते.

"अश्विनीले काय सांगू आता? पोरगी एमएस्सीले अमरावतीले निघाली होती. मीच अडवलं. म्हनलं, थांब, कॉलेज दाराशीच येऊन राह्यलं. तिची माय गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, साहेब. थे गेली असती तर बोललो असतो कोनासंग?"

रुमाल कोणासाठी आणि कुजबुजण्याचा सराव कोणाच्या अभ्यासासाठी, ते मला तेव्हा कळले.

म्हणून माझी जाहीर मागणी अशी: यंदाचे प्रवेश संपण्यापूर्वी वर नमूद केलेल्या जबाबदार व्यक्तींनी या ग्रंथालयात यावे आणि ही इमारत होणार की नाही, ते अश्विनीला साऱ्या गावासमक्ष सांगावे. त्या दिवसापुरते मोठ्याने बोलण्यास दौलतरावांची हरकत नाही.

रुमालाची जागा मात्र सोडून बसावे.