दोन कुलपांच्या कुंदाताई

कॅनडा देशातील समस्त लहानमोठ्या गुन्हेगारांना या निवेदनाद्वारे गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की मिल्टनच्या पलीकडच्या आमच्या गावात काही गडबड करायचा विचार असेल, तर पोलिसांना घाबरू नका. कुंदाताई साठ्यांना घाबरा.

कुंदाताई आमच्या टाउन हॉलमध्ये ग्रँट कोऑर्डिनेटर होत्या. गुन्हे रोखण्यासाठी प्रांतिक सरकारकडून जो निधी येई, तो पोलीस, शाळा आणि लायब्ररी यांनी न भांडता, एकमेकांच्या साथीने वापरावा, हे बघणं त्यांचं काम. मी तिथला कॉम्प्युटरवाला. मीटिंगमध्ये प्रोजेक्टर लावायचा आणि तोंड बंद ठेवायचं, एवढीच माझी जबाबदारी. त्यातली पहिली मी चोख पार पाडत असे.

मीटिंगचं बोलावणं ईमेलने पाठवणं कुंदाताईंना मंजूर नव्हतं. पापण्या गोठवणारी थंडी असो, स्नो बूट चढवून त्या प्रत्येक ऑफिसात जातीने जायच्या. "अहो, ईमेल कुणीही डिलीट करतं. दारात उभं राहून 'यायचं हं' म्हटलं, की न येणाऱ्याला लाज वाटते." सांगलीला माहेरी लग्नाची आमंत्रणं करणं आणि रुसलेल्यांना मनवणं हे खातं म्हणे त्यांच्याकडेच होतं. इथे नातेवाईक नव्हते, म्हणून त्यांनी डिपार्टमेंटं घेतली.

आणि डिपार्टमेंटं रुसायचीही अगदी नातेवाइकांसारखी! दोन हजार आठ-नऊचा काळ. दुकानांच्या प्लाझामागे पोरं रात्री काचा फोडायची, मारामाऱ्या करायची. कुंदाताईंनी ठरवलं, निधीतून शाळेचं जिम, म्हणजे खेळाचा हॉल, शुक्रवारी संध्याकाळी पोरांसाठी उघडायचं. कल्पना सर्वांना आवडली. अडलं कुठे? किल्लीपाशी.

पोलिसांचा सार्जंट डग म्हणाला, "सुरक्षा आमच्याकडे, म्हणजे किल्ली आमच्याकडे." शाळांच्या अधिकारी मार्गरेटबाई म्हणाल्या, "इमारत आमची." दोघांचं पार्किंगच्या जागेवरून आधीच बिनसलेलं. अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी जायचा होता आणि मुदत संपत आलेली. एक सही अडली, तर निधी गेला.

"फुगलेत दोघं," कुंदाताई मला म्हणाल्या. "हार्डवेअर स्टोअरला चला, गाडी काढा."

त्यांनी जिमच्या दाराला दुसरं कुलूप बसवून घेतलं. एकाची किल्ली डगला, दुसऱ्याची मार्गरेटबाईंना. म्हणजे दोघं आल्याशिवाय दार उघडणार नाही! अर्जात त्यांनी या प्रकाराला 'संस्थांमधील सहकार्य' असं नाव दिलं. अर्ज मंजूर झाला. तपासणीला आलेल्या साहेबाने तर ही पद्धत टिपून घेतली. मला तेव्हा अस्सा अभिमान वाटला, की मी प्रोजेक्टर उलटा लावला.

पुढे दर शुक्रवारी डग आणि मार्गरेटबाई बर्फात शेजारी शेजारी उभे राहून कुलपं उघडू लागले. पहिल्या महिन्यात एक शब्द नाही. नंतर हवामानावर बोलणं झालं. वसंत येईतो पोरांच्या बास्केटबॉलला डग पंचाची शिट्टी वाजवत होता आणि मार्गरेटबाई गुण मांडत होत्या. प्लाझाच्या काचा शाबूत राहू लागल्या.

आणि बाकावर, स्वेटरवर शाल घेऊन, कुंदाताई. बास्केटबॉलचा एकही नियम त्यांना ठाऊक नव्हता. "अरे ढोल्या, पास दे की त्याला!" हे त्या मराठीतच ओरडायच्या आणि सहा फुटी पोरगा खरंच पास द्यायचा. जिम बंद होईपर्यंत त्या हलत नसत. त्यांचे यजमान बरीच वर्षं आजारी राहून गेले होते आणि मुलगा व्हँकूव्हरला होता, हे मला माहीत होतं. पण हा सगळा उत्साह मी कामाच्या खात्यावर टाकला होता.

मग एका वर्षी निधी कापला गेला. डगनेच सुचवलं, आता पोरं सुधारलीत, तेव्हा जिम बंद करू आणि उरलेल्या पैशांतून प्लाझामागे कॅमेरे लावू. कुंदाताईंनी तक्ते दाखवले, तक्रारी कशा घटल्या ते समजावलं. सगळे माना डोलवत होते, पण कॅमेऱ्यांच्या बाजूने. मत घ्यायची वेळ आली. कुंदाताईंनी चष्मा काढला आणि त्यांच्या तोंडून एक वाक्य निसटलं. ते तक्त्यात नव्हतं, अर्जातही नव्हतं.

जिम आजही शुक्रवारी उघडतं. डगने आपली सूचना तिथल्या तिथे मागे घेतली आणि मार्गरेटबाईंनी त्याला अनुमोदन दिलं. कुंदाताई ते वाक्य इंग्रजीतच म्हणाल्या होत्या, पण मला मात्र ते मराठीतच ऐकू आलं:

"अहो, मग शुक्रवारी मी जायचं कुठे?"