मुळेकाका आणि पाच स्टारांचा संशय

गिऱ्हाईकाने पाच स्टार दिले की जगात सगळ्यांना आनंद होतो. आमच्या मुळेकाकांना संशय येतो. ते लगेच फोन लावतात. "पाच का दिलेत? खरं सांगा, मी कुणाला सांगणार नाही." आणि फोन ठेवला की तडक साहेबांना जाऊन सांगतात.

नागापूरच्या एमआयडीसीत, पाण्याच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर आम्ही शेजारीशेजारी बसतो. तक्रार मिटली की गिऱ्हाईकाला आपोआप मेल जातो. मेलमध्येच पाच स्टार असतात. हव्या त्यावर बोट ठेवलं की मत आमच्या पडद्यावर हजर. गिऱ्हाईकाशी बोलावंच लागू नये म्हणून हेडऑफिसने ही थोर सोय केली. मुळेकाकांना त्यातून बोलायला निमित्तच मिळालं.

एकदा जामखेडकडच्या एका शेतकऱ्याने पाच स्टार दिले. काकांचा फोन गेलाच.

"मोटार चालू झाली का?"

"न्हाई वो."

"मग पाच कशाचे?"

"तुमचा मानूस लई चांगला हुता. आमच्यात जेवून गेला. जेवल्याल्या पाव्हन्याला एक कसा द्यायचा?"

काकांनी तक्रार पुन्हा उघडली, मेल पुन्हा धाडला आणि गोड बोलून एक स्टार पदरात पाडून घेतला. मोटार दुरुस्त झाली, पण आमची शाखा स्टारांच्या यादीत तळाला गेली. साहेबांनी आत बोलावून हजेरी घेतली. बाहेर येऊन काका म्हणाले, "खोटंच उत्तर हवं असेल तर विचारायचं कशाला?" हे वाक्य त्यांनी इतक्यांना ऐकवलंय, की 'चहा कसा झालाय' असं विचारणं आमच्या चहावाल्याने कधीच सोडलं.

मग साहेबांचं फर्मान आलं: रेंगाळलेल्या तक्रारी शुक्रवारपर्यंत बंद. काकांच्या नावावर एकच होती, फार जुनी. ती बंद करायला ते काही केल्या तयार होईनात.

"काका, रिटायर व्हायला आलात. आता कशाला साहेबांशी वाकडं घेता?"

"त्या गिऱ्हाईकाचं राहू दे रे."

शेवटी ते काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. पुण्यकर्मं नेमकी माझ्याच वाट्याला येतात.

मी तक्रार उघडली. गिऱ्हाईक म्हणजे काकांची बंगळूरची मुलगी. मोटारीचा कुठे पत्ताच नाही. काकांनी धाडलेला रोज एक मेल, त्यात एकच प्रश्न, 'जेवलीस का?' खाली स्टारांच्या जागी तीन बटणं: हो, नाही, कामात आहे. आलेली उत्तरं बहुतेक तिसऱ्या बटणाची.

"आधी तिची आई विचारायची," काका खाली बघत म्हणाले. "ती गेली. मला फोनवर काय बोलावं सुचत नाही. पोरगी गडबडीत असते. एवढं एक बोट ठेवायला तिला जमतं."

अख्ख्या जिल्ह्याला फोन करून भंडावणारा हा माणूस! मला फार वाईट वाटलं. मी साहेबांना कळवून टाकलं, की तक्रार खरी आहे, बंद होणार नाही.

दुपारी उशिरा उत्तर आलं. बटणांखालची शेऱ्याची चौकट नेहमी रिकामी असायची. आज तिच्यात लिहिलं होतं, 'हो. आणि बाबा, तुम्ही?'

काकांची बोटं टाइप करायला पुढे झाली आणि तिथेच थांबली. त्यांनी पिशवीतून डबा काढला, गार पोळीचे दोन घास खाल्ले, हात पुसले आणि मगच 'हो' लिहून पाठवलं.