आत्याचा आवाज

बंगळूरला भावाच्या घरी बारसं होतं. तान्हीच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं आणि त्याबद्दल बायकांचे धपाटे पाठीत खायचे, हा मान आत्याचा. आत्या, म्हणजे रजनीताई, मात्र मंठ्याला बियाणे कंपनीच्या ऑफिसात अडकल्या होत्या. पेरणीच्या दिवसांत मालकांनी रजा दिली नव्हती. भाचीला त्यांनी अजून फोटोतच पाहिलं होतं आणि तिच्यासाठी जीव नुसता तुटत होता. पत्र्याखाली मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून व्हिडिओ कॉल करायचं ठरलं होतं.

त्यांनी बटण दाबलं, तर पडद्यावर पाटी आली: 'ही सेवा बंद आहे. व्यवस्थापकांशी संपर्क साधा.' व्यवस्थापक त्याच होत्या.

शेजारच्या टेबलावरचा पार्थ होणाऱ्या बायकोशी दिवसभर कॉलवर बोलतो, म्हणून त्यांनीच जालन्याहून ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कल्याणला सांगून हे कॉल बंद करवले होते. पार्थ त्यांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायचा. म्हणून वर बजावलंही होतं, की माझ्या आवाजात कोणी कितीही गयावया केली तरी उघडायचं नाही. आता त्यांनी लँडलाइनवरून कल्याणला फोन लावला.

"कल्याणभाऊ, तेवढं चालू करून द्या ना. भाचीचं बारसं आहे हो."

"पार्था, आज लई बराबर जमलं. पण ताई कधी 'द्या ना' म्हणत न्हाईत."

"अरे, मी रजनीच बोलून राह्यले." त्यांचा आवाज कापला.

"आता रडू बी काढलं का? बिलकुल उघडणार न्हाई. ताईंनी बजावलंय."

पार्थनं फोन घेतला. "कल्याणदादा, त्या खऱ्याच ताई आहेत."

"मंग तर पक्कंच झालं. दोन्ही आवाज तूच काढून राह्यला."

बंगळूरला पाळणा खोळंबला होता. रजनीताईंनी फोन हिसकावला. "कल्याण, प्रिंटर दुरुस्तीला घेऊन गेल्तास, तो अजून आणला न्हाई. जल्दी चालू कर, न्हाई तर ह्या ऑफिसची पायरी चढू देणार न्हाई."

"केलं ताई, केलं. आधीच असं बोलायचं ना."

पडदा उजळला. पिवळ्या टोपड्यातली भाची पाळण्यात टकाटका बघत होती. नाक थेट रजनीताईंच्या गेलेल्या आईचं. भावानं मोबाइल तिच्या कानाशी धरला. "ताई, बोल ना."

रजनीताईंनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. बायका वाट बघत होत्या, आणि तान्ही रडायच्या बेतात होती.

पार्थनं ताईंच्या समोरच्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं, टेबलाआड वाकला आणि हळूच ताईंच्या आवाजात म्हणाला, "कुर्रर्र... यशश्री."

तिकडे एकच गलका झाला. भाऊ डोळे पुसत म्हणाला, "ताई, किती मायेनं बोललीस गं. अगदी आईसारखं."

रजनीताईंनी मान डोलावली, डोळे भरून भाचीला पाहून घेतलं आणि कॉल संपल्यावर पार्थच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

"हा मान तुझा," त्या म्हणाल्या. "आन् आता तुझ्या तिला लाव फोन. वाट बघत असंल."